आश्विनातले लहान हात

कापसाची पहिली बोंडं फुटली की आमच्या अंगणवाडीतली मुलं बदलतात. पटावरची तीन ते सहा वर्षांची मुलं येतातच. पण नवरात्राच्या सुमारास त्यांच्या कडेवर बसून किंवा बोट धरून दीड, दोन, अडीच वर्षांची भावंडंही येऊ लागतात. घरची बाई सकाळीच वेचणीला निघून गेलेली असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून जितकं लवकर शेतात पोचावं तितकं बरं. घरात आजी असली तर लेकरू आजीजवळ राहतं. नसली तर ते आईबरोबर धुऱ्यावर जातं, नाहीतर आमच्याकडे येतं. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा पहिला वेचा पाठोपाठ येतात, आणि दिवाळी होऊन गेली तरी बाया मोकळ्या होत नाहीत.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आमचं ठरलेलं काम म्हणजे वजन घेणं, घरी न्यायचा आहार देणं आणि गृहभेटीत आईशी बोलणं. पण दारात येऊन उभ्या राहिलेल्या दोन वर्षांच्या लेकराला कोण परत पाठवणार? त्याला आत घेतलं म्हणजे त्याची आठ-नऊ वर्षांची बहीण शाळेत जाऊ शकते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की या लहानग्यांनी दिवसभर करायचं काय? ती एका जागी बसत नाहीत, गोष्ट पुरती ऐकत नाहीत, खेळ समजून घेत नाहीत. त्यांचे हात मात्र सतत काहीतरी शोधत असतात. आमच्या मदतनीस मावशी आणि मी या दिवसांत त्या हातांना काम देत आलो. त्यातून जे कळलं ते लहान मुलांच्या आयांना, आज्यांना आणि माझ्यासारख्या सेविकांना उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

हस्तकलेची पुस्तकं उघडली किंवा मोबाइलवर शोधलं, की शरद ऋतू म्हणजे लाल-नारिंगी पानांचा सडा आणि मोठमोठे भोपळे असंच दिसतं. तो थंड देशातला शरद आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पानगळ माघ-फाल्गुनात होते. आश्विनात साग आणि पळस अजून हिरवेच असतात. आपल्या शरदाचं सामान वेगळं आहे : फुटलेला कापूस, झेंडू, नाल्याकाठची ओली माती, पळसाची रुंद पानं, ज्वारीचे धांडे, परसातल्या जून झालेल्या भेंड्या. यातलं बहुतेक गावात पैसे न देता मिळतं, आणि मूल ते रोज पाहत असतं. ज्या बोंडावर घर चालतं ते बोंड, ज्या मातीत बाप राबतो ती माती. दुकानातल्या चमकीच्या कागदापेक्षा मुलाला या वस्तूंची ओढ जास्त असते, हे मी दर वर्षी पाहते.

सुरुवात मातीनं करावी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. मोठ्या मुली भुलाबाई-भुलोजीची मातीची मूर्ती आणतात, संध्याकाळी गाणी म्हणतात, डब्यातली खिरापत ओळखायला लावतात आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात. त्या निमित्तानं कुंभाराकडे जाणं होतंच, तेव्हाच थोडी तिंबलेली माती मागून आणायची. शेतातली काळी माती यासाठी चालत नाही. ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तिच्या वस्तूंना तडे जातात; शिवाय शेतात फवारणी झालेली असते. घराजवळची पिवळी किंवा पांढरी माती चाळून, भिजवून, त्यात पिंजलेला कापूस घालून नीट तिंबली की ती बरी टिकते. कापसाचे तंतू मातीला धरून ठेवतात.

दीड वर्षाचं मूल मातीचं काही बनवत नाही. ते आधी एका बोटानं तिला शिवतं. काही मुलं हात मागे घेतात, आईकडे बघतात. त्यांना घाई करू नये. मग थापट मारणं येतं, मग बोट खुपसणं, मग तुकडा तोडून आपल्या हातावर आणून ठेवणं. आपण तो घ्यायचा आणि परत द्यायचा. हा देण्याघेण्याचा खेळ कितीही वेळ चालतो आणि त्यातच मूल मुठीची पकड, बोटांचा चिमटा आणि जोर किती लावायचा याचा अंदाज शिकत असतं. दोन वर्षांच्या पुढे गोळा तळहातांमध्ये फिरवायला जमू लागतं. अडीचच्या आसपास एक नवी गोष्ट दिसते. मूल आधी काहीतरी करतं आणि मग त्याला नाव देतं. पोळा नुकताच होऊन गेलेला असतो, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरलेली मोठी भावंडं त्यानं पाहिलेली असतात, त्यामुळे या महिन्यात आमच्याकडचा निम्मा चिखल बैल असतो. त्याला पाय नसतात, शिंगं नसतात. मूल म्हणतं बैल, म्हणून तो बैल.

एका आजीनं नातीचा गोळा हातात घेऊन मला विचारलं होतं, "काय बनवलं व इनं?" मी म्हटलं, "अजून काही बनवलं नाही आजी, दाबून पाहतेय." आजी जवळच बसली. नातीनं गोळ्यात अंगठा खुपसला, काढला, पुन्हा खुपसला. आजी म्हणाली, "पणतीच झाली की मग!" त्या दिवसापासून दिवाळीच्या आधी आम्ही अंगठ्याच्या पणत्या करतो. लिंबाएवढा गोळा द्यायचा, मुलानं त्यात अंगठा दाबायचा, बस. सावलीत वाळवायची. कच्ची पणती तेल पिते, म्हणून तिच्यात थिजलेल्या तुपाची फुलवात ठेवायची आणि ती मोठ्या माणसानंच लावायची. मुलाच्या अंगठ्याचा खड्डा तुळशीजवळ उजळलेला पाहून आईच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

पानांचं काम त्याहून सोपं. पळसाचं पान मोठं, जाड आणि न बोचणारं. आमच्याकडे त्याच्या पत्रावळी आणि द्रोण अजूनही काही म्हाताऱ्या माणसांना छान येतात. त्यांना बोलवावं, मुलांसमोर बसवावं. द्रोण मोठ्यांनी टोचायचा. मुलानं त्यात झेंडू भरायचे, ओतायचे, पुन्हा भरायचे. भरणं आणि ओतणं हाच या वयाचा मोठा उद्योग आहे. पान फाडायला दिलं तर त्याहून आनंद. फाडताना दोन हात दोन दिशांना जातात आणि दोन्ही हातांनी मिळून एक काम करणं मुलाला तिथे पहिल्यांदा उमगतं. कात्री त्यानंतर, तीन वर्षांपुढे. सागाच्या बुंध्याशी फुटलेली कोवळी पानं मिळाली तर ती तळहातावर चोळावी, हात लाल होतो. हिरव्या पानातून लाल रंग निघालेला पाहून मुलं आपलाच हात पुन्हा पुन्हा उलटून बघतात. तो हात कागदावर टेकवला की झालं चित्र.

दसऱ्याचे झेंडू दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातात. ते गोळा करून आणावेत. पाकळ्या उपटणं हे दोन वर्षांच्या बोटांना अगदी मापाचं काम आहे. फूल मोठं, पकडायला सोपं, आणि ओढली की पाकळी येतेच. मुलाला लगेच फळ मिळतं. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून पळसाच्या पानावर पसरायची आणि मुलानं त्यावर पाकळ्या टाकायच्या. खळ चाटली तरी भीती नाही, म्हणून बाजारच्या गोंदापेक्षा मला ती बरी वाटते. वाळलेली फुलं पिशवीत ठेवून पावसाळ्याच्या तोंडाला अंगणात चुरडायला द्यायची. झेंडू उगवतो आणि पुढच्या दसऱ्याला आपलीच फुलं मिळतात.

ठशांसाठी जून भेंडी घ्यावी. देठाकडची बाजू आडवी कापली की पाकळ्यांच्या फुलासारखा ठसा निघतो आणि उरलेली भेंडी धरायला मूठ म्हणून उपयोगी पडते. थाळीत ओलं फडकं पसरून त्यावर गेरू किंवा हळद कालवून ओतायची म्हणजे रंग सांडत नाही. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू कागद म्हणून उत्तम. ज्वारीच्या धांड्याचा ठसा गोल येतो. धांड्याची साल मात्र ब्लेडसारखी कापते; ती मोठ्यांनी सोलून टाकायची आणि आतला मऊ गाभाच मुलाला द्यायचा. आमच्या लहानपणी धांड्याच्या सालीच्या आणि गाभ्याच्या बैलगाड्या, चष्मे, पंखे व्हायचे. ते काम पाच-सहा वर्षांच्या मुलांचं. लहानग्यांनी फक्त गाभा दाबायचा, मोडायचा. आता सोयाबीननं ज्वारीची जागा घेतली, धांडे शोधावे लागतात, आणि धांड्याची गाडी करता येणारी माणसंही कमी राहिली. ज्यांना येते त्यांनी मुलांना अवश्य दाखवावी.

आता कापसाबद्दल, कारण आमच्या जिल्ह्यात त्याच्याशिवाय शरद नाही. पहिल्या वेच्याला शेतात सीतादहीची पूजा करतात, मगच पऱ्हाटीला हात लावतात. लहान मुलाच्या हातात कापूस दिला की ते तो ओढतं, ताणतं, गालाला लावतं, फुंकर मारून उडवतं. ओढून ओढून पिंजलेला कापूस खळ लावलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवला की ढग होतो, ससा होतो, आजोबांची दाढी होते. आजी शेजारी वाती वळत बसली तर मूलही तळहातावर कापूस फिरवतं. त्याची वात होत नाही, झालेली गुंडाळी त्यालाच ठेवू द्यावी.

पण इथे एक सावधगिरी मी कधीही सोडत नाही आणि कोणीही सोडू नये. 2017 च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून फवारणाऱ्या माणसांची ती गत झाली, तर जमिनीवर बसून हात तोंडात घालणाऱ्या लेकराचं काय? म्हणून शेतातलं बोंड, पान, माती थेट मुलाच्या हातात द्यायची नाही. फवारणीच्या दिवशी आणि नंतरही बरेच दिवस त्या शेताच्या धुऱ्यावर मूल न्यायचं नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, डबे, झाकणं कितीही रंगीत आणि मजबूत असली तरी ती खेळण्याला वापरायची नाहीत, पाणी प्यायला तर नाहीच. मुलांच्या कामाला घरच्या वातींचा, स्वच्छ पिंजलेला कापूस घ्यावा. तो पुरेसा होतो. पालक मेळाव्यात मी हे दर वर्षी पुन्हा सांगते. ऐकणाऱ्यांत त्या वर्षी ज्यांच्या घरातलं माणूस थोडक्यात वाचलं असे लोकही असतात, आणि ते माझ्याआधी मान डोलावतात.

धोका फक्त औषधाचा नाही. याच दिवसांत रानात गुंजेच्या शेंगा तडकतात आणि लाल-काळ्या गुंजा चमकतात. मण्यांसारख्या दिसतात म्हणून मोठी मुलं त्या गोळा करून आणतात. गुंज विषारी आहे. एरंडी, धोतरा, कण्हेर विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्याला घातक आहे. आणि विषारी नसलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी चिंचोके, सरकी, शेंगदाणे, मणी ठेवायचे नाहीत. तोंडात मावेल ते घशात अडकू शकतं. मोठी मुलं चिंचोक्यांनी मोजतात तेव्हा लहानग्यांना आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला माती देऊन बसवतो आणि दोघींपैकी एक जण तिथून हलत नाही.

हे सगळं आम्ही नव्यानं शोधलेलं नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला नई तालीमच्या कामात शांताबाई नारुळकरांनी सात वर्षांखालच्या मुलांचं पूर्व-बुनियादी शिक्षण गावातल्या जगण्याशी जोडून उभं केलं. काही काळ आपल्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून परतल्या आणि 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे आणि नंतर कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाड्यावरच्या मुलांसाठी पानं, बिया, खडे, शिंपले हेच शिकण्याचं साहित्य मानलं. शाळा मुलांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी तर त्यांची कुरणशाळा होती. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. मी रोज ज्या दाराचं कुलूप उघडते त्याच्यामागे एवढी माणसं उभी आहेत, याचा मला आधार वाटतो. माती आणि पळसाचं पान घेऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे, हे त्यांनी आयुष्य खर्चून सिद्ध केलं आहे.

आमच्या गावाला लागून कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती, आहे. तिथल्या लेकरांच्या घरात कोलामी बोलतात, अंगणवाडीत येईपर्यंत त्यांच्या कानावर मराठी थोडीच पडलेली असते. नुसतं बोलून अशा मुलाशी ओळख होत नाही. ते कोपऱ्यात बसून राहतं. माती पुढे ठेवली की मात्र ते सरकत सरकत येतं. मी मराठीत "दे" म्हणते, ते आपल्या भाषेत काहीतरी म्हणतं, गोळा हातात येतो, आणि दोघांनाही दोन्ही शब्द कळतात. पोडातले एक आजोबा बांबूच्या टोपल्या विणतात. त्यांना आम्ही बोलावलं तेव्हा त्यांच्या नातवानं पहिल्यांदा सगळ्यांसमोर तोंड उघडलं. आजोबांच्या हातातल्या कामड्यांची नावं तो कोलामीत सांगत होता आणि बाकीची मुलं त्याच्या मागून म्हणत होती. घरचं हाताचं काम अंगणवाडीत आलं की घरची भाषाही मानानं आत येते.

आता मला जे सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. या वयात वस्तू महत्त्वाची नाही, हाताचं काम महत्त्वाचं आहे. आपण मोठी माणसं वस्तूकडे बघतो. पाकळ्या वाकड्या पडल्या की सरळ करतो, ठसा पुसट आला की मुलाचा हात धरून पुन्हा उमटवतो, बैलाला शिंगं लावून देतो. फोटो छान येतो, प्रदर्शनात मांडता येतं, पालकही खूश होतात. पण मूल तेवढ्यात उठून निघून गेलेलं असतं, कारण ते काम आता त्याचं राहिलेलं नाही. उलट हात मागे ठेवून बसलं, तर तेच मूल एकाच गोळ्यात बोट खुपसत, काढत आपल्या कल्पनेपेक्षा जास्त वेळ रमतं. हे बघत बसायला संयम लागतो. मावशींना तो माझ्यापेक्षा जास्त आहे. त्या भाजी निवडत मुलांशेजारी बसतात, काही सांगत नाहीत, काही दुरुस्त करत नाहीत, आणि त्यांच्याजवळची मुलं सर्वात जास्त वेळ काम करतात.

कामाला वेळही थोडाच लागतो. दोन वर्षांच्या मुलासाठी एका वेळी एकच सामान पुढे ठेवावं. माती असेल तर फक्त माती. ते उठलं की उठू द्यावं, परत आलं तर जागा तशीच असावी. काम झाल्यावर हात धुणं हाही कामाचाच भाग करावा. तांब्यातलं पाणी आणि साबण यांत मुलांना मातीइतकीच मजा येते आणि जेवणाआधी हात धुवायची सवय तिथेच लागते. केलेली वस्तू घरी न्यायची की मोडून पुन्हा गोळा करायचा, हे मुलालाच ठरवू द्यावं. बहुतेक जण मोडतात, आणि त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटत नाही.

वेचणीवरून आलेल्या आईकडे वेळ नसतो, हे मला माहीत आहे. बोटं बोंडाच्या टोकांनी सोललेली असतात, चूल पेटवायची असते, पाणी भरायचं असतं. तिला मी एवढंच सांगते : भाकरीचं पीठ मळताना त्यातला मुठीएवढा गोळा लेकराच्या हातात दे. त्याला शेजारी बसू दे. तू तुझं कर, त्याला त्याचं करू दे. यासाठी वेगळा वेळ, पैसा, शिकवणी काही लागत नाही. वडिलांनाही हेच सांगते, कारण मूल हे काही एकट्या आईचं काम नाही.

माझ्या सेविका भगिनींना विनंती आहे की या आश्विनात भिंतीवर लावायच्या तयार वस्तूंपेक्षा मुलांचे मळलेले हात जास्त दिसू द्या, आणि तुमच्या पर्यवेक्षिका आल्या की तेच अभिमानानं दाखवा. आणि शहरात राहणाऱ्या वाचकांनो, तुमच्याजवळ धुरा नसेल, पळस नसेल, पण कुंडीतली माती, दसऱ्याचे झेंडू आणि कणकेचा गोळा आहेच. ते मुलापुढे ठेवा, विषारी आणि घशात अडकेल असं काही जवळ नाही ना हे बघा, आणि मग आपले हात मांडीवर ठेवून शांत बसा. पुढचं काम मुलाचं आहे आणि ते त्याला येतं.